मालक पुण्याचे, मैदान ब्लॅकबर्नचे



आजचा विषय ऐकून आपणांपैकी पुष्कळांना नवल वाटेल. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा या बाजूच्या श्रोत्यांपुढे हळदीच्या पेठेविषयी बोलावे, सोयाबीनविषयी बोलावे, फार तर कुस्तीच्या फडाविषयी बोलावे. विलायतेत तिसऱ्या श्रेणीपर्यंत उतरलेल्या एका फुटबॉल संघाने एका हंगामात काय केले याची उठाठेव आपण कशासाठी करावी, असे कोणी विचारल्यास तो प्रश्न गैर म्हणता यावयाचा नाही. परंतु या संघाची गंमत अशी की, तो खेळतो लँकेशायरात आणि त्याचा खर्च भागत आला आहे तो पुण्याहून. नोव्हेंबर २०१० मध्ये कोंबड्यांचा व्यवसाय करणाऱ्या पुण्याच्या एका घराण्याने तो विकत घेतला. ब्लॅकबर्न रोव्हर्स हे त्याचे नाव. ऑगस्ट २०१७ ते मे २०१८ असा त्याचा जो हंगाम झाला, त्याची हकीकत मी आज सांगणार आहे. दुसऱ्याच्या गावची, दुसऱ्याच्या जिव्हाळ्याची वस्तू रोख पैसे मोजून घेता येते काय, आणि घेतलीच तर घेणाऱ्याच्या हाती नेमके काय येते, हा प्रश्न त्या हंगामाच्या पोटात आहे.

ब्लॅकबर्न हे नाव आपल्या पणजोबांच्या पिढीला अगदीच परके नव्हते. मँचेस्टरच्या वायव्येस वीस-एकवीस मैलांवर वसलेले हे गिरणीगाव; आजची वस्ती सुमारे सव्वा लाखाची. सूत कातण्याच्या ‘जेनी’ यंत्राचा कर्ता जेम्स हारग्रीव्ह्ज हा याच बाजूचा. या यंत्राने आपली भाकरी जाईल अशा धास्तीने जमावाने १७६८ साली त्याची यंत्रे मोडून टाकली, आणि तो बिचारा नॉटिंगहॅमला निघून गेला. नॉटिंगहॅम हे नाव श्रोत्यांनी ध्यानात असू द्यावे. या गोष्टीत ते पुन्हा एकदा येणार आहे. पुढच्या शतकात ब्लॅकबर्नच्या मागांवर खास हिंदुस्थानासाठी धोतरे विणली जाऊ लागली. ज्या गावात कोणी धोतर नेसत नाही, ते गाव पिढ्यानपिढ्या धोतरांवर जगले! अमेरिकेत १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी चालली, तिकडचा कापूस येईनासा झाला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांना आपल्याकडील कापसाची आठवण झाली. आपल्या शेजारच्या वऱ्हाडात त्या वर्षांत कापसाचे भाव अस्मानाला भिडले. तिकडचे विणकर मात्र आखूड धाग्याच्या या कापसाला सरसकट ‘सुरती’ म्हणत आणि नाके मुरडीत. निजामी अमदानीत आपले हिंगोली ही कापसाची एक नामांकित पेठ होती. १९०३ पर्यंत निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणीही येथे होती. म्हणजे कापूस पिकविणारे आपण आणि कापड विणणारे ते, असा दूरचा का होईना, संबंध होता.

तो संबंध स्वदेशीच्या चळवळीने आणि खुद्द हिंदुस्थानात निघालेल्या गिरण्यांनी तुटला. ब्लॅकबर्नच्या गिरण्या बंद पडू लागल्या. १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी विलायतेस गेलेले गांधीजी सप्टेंबरात ब्लॅकबर्नलगतच्या डार्वेन गावी मुद्दाम जाऊन राहिले. आपल्या चळवळीने ज्यांचा रोजगार गेला, त्यांना भेटावे हा हेतू. त्या गिरणीकामगार बायांनी त्यांना गराडा घालून जयघोष केल्याचे छायाचित्र प्रसिद्धच आहे. नंतरच्या काळात, १९५० नंतर, जी काही सूतकामे उरली त्यांच्या रात्रपाळीसाठी गुजरातेतून व पाकिस्तानातून माणसे तेथे गेली आणि तेथलीच झाली.

अशा गावात फुटबॉल वाढला तो फावल्या वेळेतून. कारखान्याच्या कायद्याने शनिवारी अर्ध्या दिवसाची सुटी मिळू लागली, आणि त्या अर्ध्या दिवसाचे काय करावयाचे याचे उत्तर चेंडूने दिले. १८८३ साली ब्लॅकबर्न ऑलिंपिक नावाच्या संघाने एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यात ईटन या उमरावांच्या शाळेतील माजी विद्यार्थ्यांच्या संघास २-१ असे हरविले. ऑलिंपिकच्या संघात विणकर होते, सूत कातणारे होते, नळकाम करणारा होता. मजुरी करणाऱ्यांच्या संघाने तो चषक जिंकण्याचा हा पहिला प्रसंग. ऑलिंपिक पुढे सहा वर्षांत मोडले; परंतु १८७५ साली निघालेला रोव्हर्स हा शेजारचा संघ टिकला. त्याने लागलीच १८८४, १८८५ व १८८६ अशी ओळीने तीन वर्षे तोच चषक घेतला. १८८८ साली बारा संघांनी मिळून जगातील पहिली फुटबॉल लीग काढली, त्या बारांत तो होता. अर्धा निळा, अर्धा पांढरा असा त्याचा सदरा; ईवूड पार्क हे १८९० पासूनचे त्याचे मैदान; आणि ‘कौशल्याने व श्रमाने’ या अर्थाचे लॅटिन वचन त्याच्या बोधचिन्हावर.

आता या लीगची रचना थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून पुढील हकीकत कळावयाची नाही. इंग्लंडात व्यावसायिक संघांच्या चार श्रेणी आहेत. सर्वांत वरच्या श्रेणीत, म्हणजे प्रीमियर लीगमध्ये, २० संघ. तिच्याखाली चँपियनशिप, लीग वन आणि लीग टू या तीन, प्रत्येकी २४ संघांच्या. नावे फसवी आहेत. ‘लीग वन’ म्हणजे पहिली नव्हे, तर तिसरी पायरी! प्रत्येक संघाने आपल्या श्रेणीतील इतर सर्वांशी दोन दोन सामने खेळावयाचे, एक घरी व एक परगावी. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. हंगामाअखेर वरचे काही संघ वरच्या श्रेणीत चढतात, खालचे काही खाली उतरतात. शाळेत वरच्या वर्गातील शेवटच्या तिघांना दरवर्षी खालच्या वर्गात नेऊन बसविले, तर मुलांची आणि त्याहून अधिक पालकांची जी अवस्था होईल, ती तेथे गावेच्या गावे दर मे महिन्यात अनुभवतात. आणि उतरणे म्हणजे केवळ मानहानी नव्हे. वरच्या श्रेणीत प्रक्षेपणाच्या हक्कांचे जे अमाप पैसे मिळतात, ते खाली मिळत नाहीत. चांगले खेळाडू निघून जातात. कचेरीतील कारकुनांपासून मैदानाची निगा राखणाऱ्यांपर्यंत माणसे कमी करावी लागतात.

रोव्हर्सच्या भाग्याला एकदा मोठी भरती आली होती. जॅक वॉकर नावाचा गावचाच माणूस. बापाचा पत्राकामाचा धंदा वाढवून तो पोलादाचा मोठा व्यापारी झाला, १९८९ साली धंदा विकून कोट्यधीश झाला आणि १९९१ च्या जानेवारीत त्याने संघ हाती घेतला. १९९२ साली संघ वरच्या श्रेणीत आला आणि १९९५ साली प्रीमियर लीगचा विजेता ठरला. लहान गावाने बड्या शहरांना हरविले, असे त्याचे कौतुक झाले. वास्तविक हरविले ते वॉकरच्या पैशाने. तरीही ब्लॅकबर्नच्या लोकांनी त्याला आपला मानले, इतके की २००० साली तो वारल्यावर त्याचा पुतळा मैदानाबाहेर उभा राहिला. येथे एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. हा वॉकर राहत असे कोठे? ब्लॅकबर्नमध्ये नव्हे, तर दूर जर्सी बेटावर. मालक दूर राहतो हे काही तेथील लोकांचे खरे गाऱ्हाणे नसावे, असे मला यावरून वाटते.

वॉकरच्या विश्वस्तांनी २०१० साली संघ विकला, तो आपल्या पुण्याच्या वेंकीज उद्योगाने घेतला. किंमत २ कोटी ३० लाख पौंड, म्हणजे त्या वेळच्या भावाने दीडशे कोटी रुपयांच्या वर. या घराण्याचे मूळ पुरुष डॉ. बी. व्ही. राव. १९७१ साली त्यांनी वेंकटेश्वरा हॅचरीजची स्थापना केली. कोंबडीपालन हा घरच्या परड्यातील जोडधंदा न राहता मोठा व्यवसाय झाला, याचे पुष्कळसे श्रेय त्यांना दिले जाते. अंड्यांचा भाव दलालाने न ठरविता उत्पादकांनी ठरवावा, यासाठी १९८२ साली जी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती निघाली, तिच्यामागेही तेच होते. १९९६ साली ते निवर्तले. पुढे कन्या अनुराधा देसाई आणि पुत्र व्यंकटेश व बालाजी राव यांनी उद्योग वाढविला. आपल्या जिल्ह्यात आज कापसापेक्षा सोयाबीनचा बोलबाला अधिक, आणि सोयाबीनची पेंड हे कोंबडीचे मुख्य खाद्य; तेव्हा जुना कापसाचा संबंध नाही, तरी पेंडीचा काही धागा आपल्याला या गोष्टीशी जोडून घेता येईल!

कोंबड्यांच्या व्यवसायात पाऊल चुकले तर पुढच्या खेपेस सुधारता येते. फुटबॉलमध्ये तसे नाही. डिसेंबर २०१० मध्ये, खरेदीला महिना होतो न होतो तोच, नव्या मालकांनी सॅम ॲलरडाइस या मुरब्बी व्यवस्थापकास काढले. संघ त्या वेळी वीसांत तेरावा होता. म्हणजे वैभव नव्हते, पण धोकाही नव्हता. त्याच्या जागी त्यांनी स्टीव्ह कीन या गृहस्थांना नेमले. ते मुळात तालीम देणारे. व्यवस्थापक म्हणून त्यांनी पूर्वी कोठेही काम केलेले नव्हते. पुढे खेळाडूंना कोंबडी खाताना दाखविणारी एक जाहिरात निघाली, ती त्या गावकऱ्यांच्या मनाला फार झोंबली. ७ मे २०१२ रोजी घरच्या मैदानावर विगनकडून ०-१ असा पराभव होऊन अकरा वर्षांनी संघ प्रीमियर लीगमधून उतरला. त्या सामन्यात कोणी एका वात्रट प्रेक्षकाने रोव्हर्सचे निशाण गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. खेळाडू तिच्यामागे धावत असलेले सर्व जगाने पाहिले. हसू येते खरे. पण गावाने मालकाला पाठविलेला तो अर्जच होता, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

तो अर्ज पुण्यास पोचला की नाही कोण जाणे. २०१२-१३ या पुढच्या हंगामात कीन गेले. हेनिंग बर्ग आले, ते ५७ दिवस राहिले. मायकेल ॲपलटन आले, ते ६७ दिवस राहिले. मधल्या काळात हंगामी माणसांनी गाडी ओढली. आपल्याकडे एखाद्या कचेरीत वर्षात इतके साहेब बदलले तर शिपायालाही कोणाचे ऐकावे ते कळणार नाही. हे गृहस्थ वाईट होते असे नव्हे. रोप लावावयाचे आणि मूळ धरले की नाही हे पाहण्यासाठी रोज उपटून बघावयाचे, असा तो प्रकार होता. चिडलेले प्रेक्षक मैदानाकडे फिरकेनासे झाले. मालकही ईवूड पार्कवर क्वचितच दिसू लागले. व्यवस्थापकालाच त्यांच्या गाठीसाठी पुण्याची वारी करावी लागे.

असे करता करता २०१६-१७ चा हंगाम आला. फेब्रुवारी २०१७ मध्ये टोनी मोब्रे हे नवे व्यवस्थापक आले, तेव्हा संघ चँपियनशिपच्या तळाशी रुतला होता. मोब्रे हे यॉर्कशायरच्या समुद्रकाठचे, कमी बोलणारे, कोणाची हांजी हांजी न करणारे गृहस्थ. त्यांनी संघाला जवळजवळ काठावर आणले. ७ मे २०१७ हा शेवटचा दिवस. रोव्हर्सनी लंडनमध्ये ब्रेंटफर्डला ३-१ असे हरविले. आपले काम त्यांनी चोख केले. परंतु त्याच वेळी नॉटिंगहॅम फॉरेस्टने इप्सविचवर ३-० असा विजय मिळविला. दोघांचे गुण झाले ५१. गुण सारखे झाले म्हणजे केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा करून पाहतात. फॉरेस्टची वजाबाकी उणे १०, रोव्हर्सची उणे १२. दोन गोलांच्या फरकाने ब्लॅकबर्न तिसऱ्या श्रेणीत गेले. प्रीमियर लीग जिंकलेला संघ इतका खाली उतरण्याची ती पहिलीच वेळ. हारग्रीव्ह्जला आसरा देणाऱ्या नॉटिंगहॅमने अडीचशे वर्षांनी ब्लॅकबर्नवर असा सूड उगविला, असे कोणी म्हटले तर इतिहासकार हसतील, परंतु ब्लॅकबर्नमधील म्हातारे हसणार नाहीत.

या ठिकाणी मालकांनी जे केले, किंबहुना जे केले नाही, ते मला फार महत्त्वाचे वाटते. संघ उतरला होता. पूर्वीची रीत पाहता मोब्रे यांची उचलबांगडी व्हावयाची. ती झाली नाही. त्यांना ठेवले, आणि तिसऱ्या श्रेणीच्या मानाने भरघोस पैसाही दिला. भरघोस म्हणजे किती, तर जून २०१७ मध्ये जिलिंगहॅमहून ब्रॅडली डॅक नावाचा तेवीस वर्षांचा खेळाडू सुमारे साडेसात लाख पौंडांना घेतला. त्याच उन्हाळ्यात पॅरिसच्या संघाने नेमार या ब्राझिली खेळाडूसाठी २२ कोटी २० लाख युरो मोजले होते! फुटबॉलचे हे दोन बाजार एकाच खेळाचे आहेत, हे पटविण्यासाठी पंचांग दाखवावे लागेल.

हंगामाची सुरुवात मोठी वाईट झाली. ५ ऑगस्ट २०१७ रोजी साउथएंडकडून १-२ हार. पुढच्या शनिवारी घरच्या मैदानावर डॉन्कास्टरकडून १-३ हार. दोन सामने, शून्य गुण. तिकडे दहा-अकरा मैलांवरील बर्नली हे हाडवैरी गाव प्रीमियर लीगमध्ये मानाने खेळत होते. त्या हंगामाअखेर ते सातवे येऊन युरोपच्या स्पर्धेस पात्रही ठरले. शेजाऱ्याच्या घरी सनई वाजत असता आपल्या घरी चूल पेटू नये, असे ते दुःख. जुन्या मालकनीतीने पाहता हीच ती घटका, जेव्हा पुण्याहून निरोप यावयाचा. निरोप आला नाही.

आणि मग संघ हळूहळू स्थिरावला. त्या वर्षीची लीग वन पाहिली तर लँकेशायरच्या सूतगिरण्यांचे संमेलनच वाटते: ब्लॅकबर्न, बरी, ओल्डहॅम, रॉचडेल, विगन! रॉचडेल हे तर १८४४ साली ज्या गावी विणकरांनी सहकारी दुकान काढून आधुनिक सहकाराचा पाया घातला, तेच. वीस वर्षांपूर्वी ज्यांनी युरोपातील बड्या संघांशी झुंज दिली, त्यांना आता थंडीच्या रात्री, मंगळवारी, गिरणीगावांच्या लहान मैदानांवर चिखल तुडवीत खेळावे लागले. यात कमीपणा मानणारे खेळाडू असते तर निभाव लागला नसता. रोव्हर्सचा कर्णधार चार्ली मलग्रू हा स्कॉटलंडचा राष्ट्रीय खेळाडू, मूळचा बचावफळीतला. त्याने लीगमध्ये १४ गोल केले. बत्तिशीतला डॅनी ग्रॅहॅम, वरच्या श्रेणीतून उतरत आलेला, त्याचेही १४. डॅकचे १८, आणि वर्षअखेर तो त्या श्रेणीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ४६ सामन्यांत २८ विजय, १२ बरोबऱ्या आणि अवघे ६ पराभव. केलेले गोल ८२, खाल्लेले ४०. सहा पराभवांतले दोन तर पहिल्या दोन सामन्यांतलेच होते.

त्या श्रेणीतून पहिले दोन संघ थेट वर जातात. विगन आणि श्रूजबरी यांच्याशी रोव्हर्सची चढाओढ महिनोन्‌महिने चालली. २४ एप्रिल २०१८, मंगळवार. सामना डॉन्कास्टरच्या मैदानावर. ज्यांनी ऑगस्टात ईवूड पार्कवर येऊन तीन गोल घातले होते, तेच हे डॉन्कास्टर. ८० व्या मिनिटापर्यंत फळा कोरा. मग उंचावरून आलेल्या चेंडूला मलग्रूने डोके लावले आणि गोल झाला. १-० हाच निकाल राहिला, व एका वर्षात ब्लॅकबर्न परत वर गेले. शेवटचा हिशेब झाला तो असा: विगन ९८, ब्लॅकबर्न ९६, श्रूजबरी ८७. पाच मे रोजी ऑक्सफर्डविरुद्धच्या अखेरच्या सामन्याला ईवूड पार्क, जे कित्येक वर्षे अर्धे रिकामे असे, पुन्हा भरले.

ही झाली जिंकणाऱ्यांची गोष्ट. परंतु त्याच हंगामाच्या गुणतक्त्याच्या दुसऱ्या टोकाकडे नजर टाकल्यावाचून पुण्याच्या मालकांविषयी न्याय्य मत देता येणार नाही. सर्वांत तळाशी होते बरी. १८८५ साली निघालेला, दोनदा एफ. ए. चषक जिंकलेला संघ. तो उतरला, पुढच्या वर्षी पुन्हा वर चढलाही. परंतु मालक बदलला, देणी थकली, खेळाडूंचे पगार थकले आणि २७ ऑगस्ट २०१९ रोजी लीगने त्याला काढूनच टाकले. गावात मैदान होते, गवत होते, लोक होते. लीगमधला संघ मात्र नव्हता. बरीच्या वरच्याच ओळीत होते मिल्टन कीन्स डॉन्स. हा लंडनचा विंबल्डन संघ. मालकांना परवडेना म्हणून २००३ साली उचलून पन्नासएक मैलांवरच्या नव्या शहरात नेला. विंबल्डनच्या लोकांनी काय केले? त्यांनी २००२ सालीच, स्थलांतराला परवानगी मिळताच, स्वतःचा नवा संघ काढला, अगदी तळापासून चढवला, आणि २०१७-१८ मध्ये तो त्याच श्रेणीत, आपल्याच पळवून नेलेल्या देहाशी सामने खेळत होता. हंगामाअखेर मूळ मालकी हक्काचा संघ उतरला आणि लोकांनी काढलेला टिकला. पहिला आलेला विगनदेखील सुटला नाही. २०२० च्या उन्हाळ्यात मालकी बदलून महिना झाला नाही तोच त्याला दिवाळखोरीच्या व्यवस्थेखाली जावे लागले.

या मालिकेत पुण्याचे घराणे ठेवून पाहिले म्हणजे निवाडा सोपा राहत नाही. त्यांच्या अज्ञानाने संघ दोन पायऱ्या उतरला, हे निर्विवाद. त्याचबरोबर, दरवर्षी होणारी तूट त्यांनी आपल्या खिशातून भरली, बारा-तेरा वर्षांत ती रक्कम २० कोटी पौंडांच्या पलीकडे गेली, आणि पगाराचा दिवस चुकला म्हणून ब्लॅकबर्नचे दार बंद झाले नाही, हेही तितकेच निर्विवाद. शिव्या खाऊन पैसे भरणारा मालक आणि गोड बोलून पळून जाणारा मालक, यांतून निवड करावयाची पाळी आली तर बरीचा माणूस कोणाला निवडील हे सांगावयास नको. ब्लॅकबर्नच्या माणसाला मात्र अशी निवड करावी लागणे हेच मुळात मान्य नाही, आणि त्याचेही म्हणणे खोटे नाही.

आपल्याकडे कोल्हापुरात याहून निराळी तऱ्हा आहे. तेथील फुटबॉल संघ हे पेठापेठांतल्या तालमींचे आणि तरुण मंडळांचे: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ. शाहू स्टेडियमवर त्यांचे सामने होतात तेव्हा अर्धे शहर लोटते, कधी कधी डोकी फोडण्यापर्यंतही मजल जाते, जे मला मुळीच पसंत नाही. परंतु पाटाकडील तालीम विकत घेण्यास कोणी धनिक पैशाच्या थैल्या घेऊन आला, तर ते पैसे कोणाच्या हाती द्यावयाचे, हेच त्याला कळणार नाही. तालीम कोणाची, तर पेठेची. जर्मनीत हाच विचार नियमात आणला आहे. तेथे काही अपवाद सोडता संघाच्या निम्म्याहून एक मत तरी अधिक सभासदांच्या हाती असावे लागते. अर्थात, तालमीला कोणी वीस कोटी पौंडही देत नाही. पेठेजवळ असेल तेवढ्यात भागवावयाचे.

२०१८ नंतर मोब्रे आणखी चार वर्षे राहिले. संघ दुसऱ्या श्रेणीत टिकला, वरच्या श्रेणीत मात्र गेला नाही. पुढे पुण्याहून पैसा जाणेही पूर्वीसारखे सोपे राहिले नाही. हिंदुस्थानातील चौकशीमुळे रक्कम धाडण्यास २०२३ पासून दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी लागू लागली. दिल्लीत तारीख पडावी आणि ब्लॅकबर्नमधल्या माणसाने श्वास रोखून बसावे, हा नवाच प्रकार! मग घरची चांदी मोडावी तसे झाले. ॲडम व्हार्टन हा ब्लॅकबर्नचाच पोरगा, लहानपणापासून रोव्हर्सच्या तालमीत वाढलेला. तो २०२४ च्या आरंभी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला सुमारे १ कोटी ८० लाख पौंडांना विकला. सहा महिन्यांच्या आत तो इंग्लंडच्या राष्ट्रीय संघात होता. गावाला अभिमानही वाटला आणि घशात आवंढाही आला. त्या हंगामात रोव्हर्स पुन्हा कडेलोटाच्या टोकाशी पोचले होते. ४ मे २०२४ रोजी, शेवटच्या दिवशी, आधीच विजेता ठरलेल्या लेस्टरला त्यांच्याच मैदानावर २-० असे हरवून ते वाचले. २०२४-२५ मध्ये तोच संघ सातवा आला.

ज्या श्रोत्यांना या संघाची वार्ता ठेवण्याची इच्छा झाली असेल त्यांनी एक हिशेब ध्यानात ठेवावा. तिकडचे सामने बहुधा शनिवारी दुपारी तीनला सुरू होतात. ऑक्टोबरच्या अखेरीपासून मार्चच्या अखेरीपर्यंत त्या वेळी आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात, एरवी साडेसात. निकाल कळावयास जेवण उरकून थोडे जागावे लागते. पुण्यासही तेवढेच वाजलेले असतात.